आधी चेहरा, मग सुई

आमच्या मॅडमच्या कपाळाची उजवी बाजू हलत नसे. डावी हलायची. कशाचं आश्चर्य वाटलं की डावी भुवई वर चढायची, तिच्यावर आठ्या उमटायच्या आणि उजवीकडे मात्र इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. त्यांच्या दवाखान्यात नोकरी मागायला पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, यांना कधीतरी चेहऱ्याचा लकवा होऊन गेला असणार. मी नुकतंच त्वचारोगाचं शिक्षण संपवून बार्शीहून सोलापुरात आले होते आणि स्वतःला बरीच हुशार समजत होते. पण लकवा म्हणावा तर ओठ दोन्हीकडे सारखे हसत होते, डोळे नीट मिटत होते. माझी नजर त्यांच्या कपाळावरून हलेना, तेव्हा त्यांनीच खुर्ची पुढे ओढली.

"मीच टोचून घेतलंय," त्या म्हणाल्या. "एकाच बाजूला. लोकांना फोटो दाखवून काही कळत नाही गं. फोटो काय, कुणाचेही असतात."

सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन त्या स्वतःच्या अर्ध्या कपाळाला, आरशात बघून, घ्यायच्या. पेशंट समोर बसला आणि 'याने नक्की काय होतं' असं विचारू लागला की त्या दोन्ही भुवया वर करायच्या. "ही बाजू माझी, ही औषधाची. कुठली पाहिजे?" निम्मे लोक हसायचे, निम्मे गोंधळायचे. औषध उतरत चाललं की तेही दाखवायच्या. "हे दिवाळीला घेतलेलं. आता होळी आली. बघा, जरा जरा हलायला लागलंय की नाही?" समोरचा माणूस वाकून त्यांच्या कपाळाकडे बघत बसायचा आणि मॅडम शाळेतल्या मुलासारख्या स्थिर बसून राहायच्या.

मंडईत याचा वेगळाच परिणाम व्हायचा. एकच भुवई वर गेलेली बघून भाजीवालीला वाटायचं, बाईंना भाव पटला नाही. "अशी बघू नका की बाई, लावते थोडं कमी," असं ती म्हणायची आणि मॅडम बिचाऱ्या नुसतं वांग्याकडे बघत असायच्या.

त्या सोलापूरच्याच, पूर्वभागात वाढलेल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांपैकी. साठीला आलेल्या. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. दवाखाना एका जुन्या बाजारपेठेत, जिन्यावर. खाली एक खाणावळ, त्यामुळे दुपारी शेंगाचटणीचा वास थेट तपासणीच्या खोलीत. सोलापूरचा उन्हाळा असा की मे महिन्यात दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसावा. त्यात वीज जायची. मॅडमनी इन्व्हर्टर घेतला होता, पण तो जोडला होता फक्त फ्रिजला. वीज गेली की पंखे बंद, दिवे बंद, पेशंट वर्तमानपत्रानं वारा घेताहेत, आणि कोपऱ्यात फ्रिज निवांत गुरगुरतोय. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, निदान एक पंखा तरी जोडू या का. त्या म्हणाल्या, "माणूस घामानं खराब होत नाही. ते औषध गरम झालं तर जातं. आणि गेलंय हे बाटलीकडे बघून कळत नाही, हीच त्याची खोड." त्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा ठेवायची सोय नव्हती. मी एकदा ताकाची पिशवी ठेवली, तर ती संध्याकाळी माझ्या टेबलावर होती, अर्थात कोमट.

त्यांचा एक नियम सगळ्या शहरात माहीत होता आणि तो कुणालाच आवडत नव्हता. पहिल्या भेटीत सुई नाही. कुणीही असो. त्या म्हणायच्या, "आधी चेहरा, मग सुई." पहिल्या भेटीत त्या फक्त बघायच्या. हसा म्हणायच्या, रागवा म्हणायच्या, डोळे घट्ट मिटा म्हणायच्या. पूर्वभागातल्या बायकांशी तेलुगूत, शेजारच्या मोहल्ल्यातून येणाऱ्यांशी दखनीत. "गुस्सा करो ना अम्मा, घर में करते वैसा," असं म्हटलं की समोरची बाई इतकी हसायची की राग काही यायचा नाही. मग मॅडम इकडचं तिकडचं बोलत राहायच्या, आणि बोलता बोलता चेहरा कसा हलतो ते टिपून घ्यायच्या. नंतर पंधरा दिवसांनी, आणि तेही वेगळ्या वेळेला बोलावायच्या. सकाळी आलेल्याला संध्याकाळी, संध्याकाळच्याला सकाळी.

हा मला नुसता विक्षिप्तपणा वाटायचा. मग एक बँकेतले साहेब आले. डोळ्यांच्या कडेच्या रेघा घालवायच्या होत्या, निवृत्तीचा समारंभ जवळ आला होता, घाई होती. सकाळी चेहरा अगदी ठणठणीत. मॅडमनी संध्याकाळी बोलावलं तर त्यांच्या दोन्ही पापण्या जडावलेल्या. दिवसभराच्या कामानं थकलोय, ते म्हणाले. मॅडमनी त्यांना वर छताकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता पापण्या आणखी खाली आल्या. कधीमधी दोन-दोन दिसतं का, जेवताना चावून चावून जबडा थकतो का, असं त्यांनी सहज विचारलं आणि साहेब म्हणाले, हो, पण तुम्हाला कसं कळलं. मॅडमनी त्यांना सुई न लावता मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. स्नायू लवकर थकण्याचा आजार निघाला. त्या आजारात हे इंजेक्शन दिलं असतं तर ते गिळण्यावर, श्वासावर बेतू शकलं असतं. त्यानंतर मी तो नियम कधी चेष्टेवारी नेला नाही.

आणखी एक सवय म्हणजे, औषधाची पहिली ओळख करून देताना त्या थेट म्हणायच्या, "हे विष आहे." डब्यातलं अन्न नासलं तर त्यात एक जंतू विष तयार करतो, माणूस लुळा पडून मरू शकतो, तेच हे. फक्त शुद्ध केलेलं आणि इतकं थोडं की ते जिथं टोचलं तिथल्या तिथंच राहावं. हे ऐकून काही जण पर्स उचलून जायचे. औषध कंपनीचा माणूस एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, मॅडम, निदान विष हा शब्द नका ना वापरू. त्या म्हणाल्या, "मग काय म्हणू? प्रसाद?"

जे बसून राहायचे त्यांना मात्र त्या निवांत समजावायच्या. मेंदूचा निरोप मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथून स्नायूला हाक मारायची असते. हे औषध ती हाकच अडवतं. स्नायू धडधाकट असतो, त्याला कुणी उठवत नाही इतकंच. तो आकसत नाही, म्हणून वरची कातडी दुमडत नाही. तीन-चार दिवसांत फरक दिसायला लागतो, पंधरवड्यात पुरता बसतो, आणि तीन-चार महिन्यांनी मज्जातंतू पुन्हा जुळणी करतो, की झालं पहिल्यासारखं. जी घडी वर्षानुवर्षं कायमचीच बसलीय ती थोडी राहणार, तिला नावं ठेवायची नाहीत. मग सुरक्षित आहे का, असं लोक विचारायचेच. "माणूस बरोबर असेल आणि माप बरोबर असेल तर हो," त्या म्हणायच्या. "नाहीतर मला विचारू नका." गरोदर बाईला नाही, अंगावर पाजणारीला नाही. सुईच्या जागी काळंनिळं होईल, डोकं दुखेल, क्वचित पापणी खाली येईल. फार म्हणजे फारच क्वचित गिळायला किंवा श्वासाला त्रास होतो. तसं झालं तर मला फोन करत बसू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा.

नकार देण्यातही त्यांचं एक वेगळंच वळण होतं. एका पुढाऱ्याला फ्लेक्सवर तरुण दिसायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "आठ्या गेल्या तर लोकांच्या अडचणी ऐकताना तोंड कसं करणार?" तो माणूस खरोखर विचारात पडला आणि परत आलाच नाही. लग्न ठरलेल्या कोवळ्या मुली यायच्या, मोबाइलवर कुणाकुणाचे चेहरे दाखवायच्या. त्यांना त्या उन्हात लावायचं मलम द्यायच्या, आणि ब्यूटी पार्लरमध्ये शिबिर लावून कुणी टोचत असेल तर तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, असं दटावून घरी धाडायच्या.

पण मला मॅडम आठवतात त्या मुख्यतः एका शिक्षिकेमुळे.

ऐकू न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा आहे, त्या शाळेत ही बाई लहान वर्गाला शिकवायची. पन्नाशीची, सडपातळ, सोलापूरच्या उन्हात आयुष्यभर स्कूटी चालवलेली. दोन भुवयांच्या मध्ये दोन खोल उभ्या रेघा, त्यामुळे गप्प बसली तरी रागावलेली वाटायची. मॅडम तिला पहिल्या दिवसापासून टीचर म्हणायच्या, म्हणून मीही टीचरच म्हणत आले.

टीचर आल्या आणि म्हणाल्या, मला चांगलं दिसायचं नाहीये. मग कशाला आलात, असं मॅडमनी विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: त्या वर्षी जूनमध्ये दुधनीकडची एक छोटी मुलगी शाळेत आली होती. घरी कन्नड बोलतात, पण तिला कन्नड काय आणि मराठी काय, काहीच ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदाच आईपासून लांब. तिला खाणाखुणांची भाषाही अजून येत नव्हती. टीचर जवळ गेल्या की ती बाकाखाली जाऊन बसायची. आधी टीचरना वाटलं, रुळेल. मग एक दिवस त्या मुलीनं चित्र काढलं. त्यात टीचर होत्या, आणि कपाळावर दोन काळ्या रेघा, खडू मोडेपर्यंत गिरवलेल्या.

"बाकीच्या मुलांना सवय झालीय," टीचर म्हणाल्या. "टीचरचं कपाळ असंच असतं हे त्यांना ठाऊक आहे. हिला मी कसं सांगू? तिला फक्त चेहरा वाचता येतो, आणि माझा चेहरा खोटं बोलतो."

मॅडमनी विचारलं, तुमच्या खुणांच्या भाषेत भुवयांचं काम काय असतं. टीचरनी दाखवलं. हो की नाही असं विचारताना भुवया वर जातात. 'का', 'कोण', 'नको' अशा वेळी त्या जवळ येतात. हात तोच, पण कपाळ बदललं की वाक्य बदलतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, उद्या सकाळी दवाखाना बंद.

आम्ही त्या शाळेत लागोपाठ दोन दिवस गेलो. मॅडम वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून टीचरच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होत्या. मुलं मात्र मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होती. एक मुलगा उठला, त्यानं स्वतःची एक भुवई बोटानं दाबून धरली, दुसरी वर केली आणि सगळा वर्ग खदखदून हसायला लागला. मॅडमनी विचारलं, काय म्हणतोय. टीचर संकोचल्या. मग म्हणाल्या, "तो विचारतोय, या बाई अर्धाच प्रश्न का विचारतात?" मॅडम इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. फक्त बाकाखालची ती मुलगी हसत नव्हती.

दवाखान्यात परत आल्यावर मॅडमनी बेत पक्का केला. कपाळाला हात लावायचा नाही. फक्त दोन भुवयांच्या मध्ये, आणि तेही नेहमीपेक्षा कमी. "थोडी आठी राहू दे," त्या मला म्हणाल्या. "टीचरला कधीतरी रागवावं लागणारच की."

पंधरवड्यानं सुई दिली. मी शेजारी उभी होते. त्यांची पद्धत मला पाठ होती: डाव्या हाताचा अंगठा भुवईखालच्या हाडावर दाबून धरायचा, म्हणजे औषध खाली डोळ्याकडे उतरणार नाही, आणि मग अगदी थोडं थोडं. काहीच वेगळं झालं नाही. चार तास आडवं व्हायचं नाही, तिथं चोळायचं नाही, हे सांगून झालं. टीचर गेल्या.

आठवडा व्हायच्या आत त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. त्या म्हणाल्या, डावी पापणी निम्मी खाली आलीय, वर जात नाही.

मॅडमनी त्यांना लगेच बोलावलं. तपासलं, दोन-दोन दिसतं का, गिळताना अडकतं का, सगळं विचारलं. तसलं काही नव्हतं. मग समोर बसून सांगितलं. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत उतरलंय. त्याला उतारा नाही. काही आठवड्यांत आपोआप वर येईल, नक्की येईल, पण उद्या येणार नाही. थेंब देते, त्यानं पापणी किंचित उचलली जाईल, तीही काही तासांपुरती. टीचर ऐकत होत्या. मग अपराध्यासारख्या म्हणाल्या, त्या दिवशी इथून निघाल्यावर ऊन फार होतं, मी स्कूटीवर कपाळावरून स्कार्फ घट्ट आवळून बांधला होता, त्यामुळे तर नसेल?

मी मनात म्हटलं, सापडलं कारण. मॅडम म्हणाल्या, "स्कार्फनं झालं असेल, नसेल. सुई माझी होती."

वर्गात जे व्हायचं ते झालं. एक डोळा निम्मा मिटलेला, म्हणजे मुलांच्या भाषेत टीचर सतत थट्टाच करताहेत. त्या गंभीरपणे काही सांगायला गेल्या की मुलं हसायची, आणि हसायचं नव्हतं हे कळलं की गोंधळायची. दुधनीची मुलगी तर आता बाकाखालून बाहेरच येईना. हे टीचरनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मॅडमनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेत गेल्या. मला घेऊन गेल्या, पण का ते सांगितलं नाही. वर्गासमोर उभ्या राहिल्या. त्यांना खुणांची भाषा येत नव्हती. त्यांनी पिशवीतून सुई नसलेली एक रिकामी सिरिंज काढून मुलांना दाखवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग टीचरच्या पापणीकडे बोट दाखवलं. आणि दोन्ही हात जोडले. आधी टीचरसमोर, मग मुलांसमोर. एवढंच. तशाच उभ्या राहिल्या. वर्गात कुणी हललं नाही. तो नकला करणारा मुलगासुद्धा नाही. टीचरनी हातांनी मुलांना काहीतरी सांगितलं.

त्यानंतर पापणी बरी होईपर्यंत मॅडम दर आठवड्याला त्या शाळेत जात राहिल्या. दाराशी उभ्या राहायच्या, डोळा तपासायच्या, निघायच्या. दसऱ्यापर्यंत पापणी पूर्ण वर आली. मधल्या रेघाही गेल्या होत्या. टीचर पेढे घेऊन आल्या, बऱ्या दिसत होत्या, मोकळ्या हसल्या. मॅडमनी पेढा घेतला. पण त्या दिवसापासून त्यांनी सुरकुत्यांची एकही सुई दिली नाही.

त्यांनी तसं जाहीर केलं नाही. कुणी आलं की म्हणायच्या, सध्या नको, नंतर बघू. खरूज, नायटे, मुरुम, कोड, हे सगळं चालू होतं. स्वतःच्या कपाळालाही त्यांनी पुन्हा टोचलं नाही. डिसेंबर येईपर्यंत दोन्ही भुवया सारख्या हलायला लागल्या आणि मला त्या ओळखूच येईनात. फ्रिजमधलं औषध मुदत संपून टाकून द्यावं लागलं. इन्व्हर्टर मात्र तसाच फ्रिजला जोडलेला.

मी माझ्या परीनं समजावून पाहिलं. म्हटलं, मॅडम, ही गोष्ट पुस्तकात लिहिलीय. चांगल्यातल्या चांगल्या हातून होते. तुम्ही तर पेशंटला आधीच सांगता. पापणी वर आली, सगळं मिटलं. त्या म्हणाल्या, "पुस्तकात पापणी असते गं. तिच्यासमोर बाकाखाली बसलेली मुलगी नसते." त्यांचं वय झालंय, आता त्या सोडणार, असं मी धरून चालले. मीही बार्शीत स्वतःचा दवाखाना टाकायचं मनात घोळवायला लागले.

मे संपत आला होता. वीज गेलेली, पंखे बंद, आणि टीचर जिना चढून आल्या. कपाळावरच्या दोन रेघा पुन्हा जागेवर. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, जूनला शाळा उघडेल, नवीन मुलं येतील, आताच द्या.

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. ही देईल, हिचा हात चांगला आहे, म्हणाल्या.

"मला तुमच्याकडून पाहिजे," टीचर म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या, माझ्या हातून काय झालं ते विसरलात का. टीचर म्हणाल्या, तेच सांगायला आलेय. आणि मग त्यांनी त्या मुलीचं सांगितलं. मॅडम हात जोडून उभ्या राहिल्या त्या दिवशी ती बाकाखालून बघत होती. नंतर केव्हातरी तिच्या हातून रंगाची बाटली सांडली. एरवी ती पळून लपली असती. त्या दिवशी ती उठून उभी राहिली, आधी सांडलेल्या रंगाकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर, आणि हात जोडले. तिनं शाळेत केलेलं ते पहिलं वाक्य.

"मी इतकी वर्षं शिकवतेय," टीचर म्हणाल्या. "चुकलं तर लपायचं नसतं, हे मला त्या पोरीला कुठल्याच खुणेनं सांगता आलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत. आणि आता तुम्हीच लपून बसलाय होय?"

मॅडमना असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. खाली खाणावळीत ताटांचा आवाज चालू होता. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. म्हणाल्या, नवीन औषध मागवायला लागेल. टीचर म्हणाल्या, मागवा की, मी येते परवा.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी बराच वेळ हात धुतले. माप माझ्याकडून पुन्हा तपासून घेतलं, आधीच्यापेक्षाही थोडं कमी आणि मागच्या वेळेहून जरा वरच्या अंगाला. अंगठा हाडावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. टीचरनी डोळे मिटलेलेच ठेवले. मॅडम थांबल्या. जागेची खात्री झाल्यावरच सुई टोचली. झाल्यावर टीचरचा स्कार्फ काढून घेऊन स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवला, स्कूटी तिथंच ठेवायला लावली आणि त्यांना रिक्षात बसवून दिलं. उन्हात डोक्यावर धरायला स्वतःची छत्री दिली.

मग रोज सकाळी फोन. डोळे उघडले का? उघडले. दोन्ही? दोन्ही. शेवटी टीचर वैतागून म्हणाल्या, आता मी झोपेतून उठायच्या आधी तुमचाच फोन येतो.

शाळा उघडल्यावर पंधरवड्याची तपासणी होती. मॅडम म्हणाल्या, इथं नको, वर्गात बघू. आम्ही गेलो तेव्हा नवीन आलेला एक मुलगा भिंतीकडे तोंड करून रडत होता आणि टीचर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. दोन्ही डोळे उघडे, भुवया वर, कपाळ मोकळं. त्यांनी काही विचारलं. मुलानं बघितलं, पुन्हा भिंतीकडे वळला, पुन्हा बघितलं. मॅडम दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आत येत नव्हत्या.

दुधनीची मुलगी आता बरीच उंच झाली होती. तिनं आम्हाला पाहिलं. ती आधी टीचरजवळ गेली, वाकून त्यांचा एक डोळा बघितला, मग दुसरा, अगदी डॉक्टरच्या गांभीर्यानं. मग वळून मॅडमकडे बघितलं आणि टीचरना हातांनी भराभर काहीतरी सांगितलं, जरा रागानंच.

मी टीचरना विचारलं, काय म्हणतेय.

टीचर म्हणाल्या, "ती म्हणतेय, यांना दारात उभं का ठेवलंय? खुर्ची द्या."

आणि कुणी उठायच्या आत तिनंच खुर्ची ओढत आणली, फरशीवर खुर्चीचे पाय खरडले त्याचा केवढा आवाज झाला, पण त्या वर्गात तो फक्त आम्हा तिघींनाच ऐकू आला. मॅडम आत आल्या आणि बसल्या.